पास झालेल्या बायकांची परीक्षा

चौकात वळले आणि मी करकचून ब्रेक दाबला. मागून येणारा दूधवाला माझ्या स्कूटीवर आदळता आदळता राहिला. त्याने मला जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातलं निम्मं मला ऐकूही आलं नाही. मी वर बघत होते. जिथे एरवी कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स असतो, तिथे बनाबाई ज्ञानू चौगले डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून उभ्या होत्या. चांगल्या दहा फूट उंच.

'साक्षरता परीक्षेत घवघवीत यश मिळवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. भावी चेअरमन.' खाली शुभेच्छुक म्हणून गॉगल लावलेली गावातली झाडून सगळी पोरं. आणि एका कोपऱ्यात मी. 'मार्गदर्शक : संयोगिता बाई.' फोटो शाळेच्या स्नेहसंमेलनातला, कुणावर तरी ओरडत असतानाचा.

परीक्षा झालीच नव्हती. तो शुक्रवार होता आणि परीक्षा रविवारी होती.

हे कसं झालं ते सांगते. बिद्रीच्या पुढे आत गेलं की आमचं गाव लागतं. तिथल्या प्राथमिक शाळेत मी बरीच वर्षं शिकवते, आणि गेली दोन वर्षं साक्षरतेचा वर्गही माझ्याच गळ्यात पडला आहे. संध्याकाळी धारा काढून, डेअरीला दूध घालून बायका शाळेत येतात, पहिलीच्या पोरांच्या बाकांवर कशाबशा मावतात आणि तासभर वाचतात, लिहितात, बेरजा करतात. अकरा जणी आहेत. मार्चमध्ये त्यांची सरकारी परीक्षा असते, आणि परीक्षा म्हटली की सराव परीक्षा आलीच. ती कधी घ्यायची यावरून माझं आणि विजयसिंह सरांचं वाजलं होतं.

विजयसिंह सर माझे सहकारी. शांत माणूस. मला शांत माणसांचा राग येतो. ते म्हणाले, "मॅडम, महिनाभर आधी घ्या. कुणाचं काय चुकतंय ते कळेल, सुधारायला वेळ मिळेल."

मी म्हटलं, "मागच्या वर्षी आधीच घेतली होती ना? ज्यांना जमलं त्या 'आता येतंय की' म्हणून यायच्या बंद झाल्या. ज्यांना नाही जमलं त्या रडून बंद झाल्या. यंदा शेवटच्या आठवड्यात घेणार. तव्यावरून थेट ताटात."

"आणि काही घोळ झाला तर निस्तरायला दिवस कुठले?"

"घोळ होणार नाही," मी म्हटलं. "मी घेतेय."

बुधवारी घेतली. हुबेहूब घेतली. बाकं लांब लांब, घंटा, बंद पाकिटातून प्रश्नपत्रिका, आणि विजयसिंह सरांना मी बजावून ठेवलं होतं की ओळख दाखवायची नाही. धोंडुबाईंनी शेजारणीकडे मान वळवली तेव्हा मी असे डोळे वटारले की त्यांनी घाबरून मला नमस्कारच केला. सगळ्यांना सांगितलं, ही परीक्षाच समजा. दुसऱ्या दिवशी पेपर तपासले आणि मी खुर्चीत मागे टेकले. अकराच्या अकरा पास, आणि बनाबाई पहिल्या. वर्षभरापूर्वी या बाईला पेन्सिल कशी धरायची ते माहीत नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी लगेच गावच्या ग्रुपवर टाकलं, 'साक्षरता वर्गाच्या अकराही महिला उत्तीर्ण. बनाबाई चौगले प्रथम. हार्दिक अभिनंदन.' पुढे फुलांचे गुच्छ. त्यात 'सराव' हा शब्द नव्हता. माझ्या मते तो सगळ्यांना माहीत होता.

आणि 'भावी चेअरमन'चं असं. गावात बायकांची दूध संस्था आहे. तिच्या चेअरमन तानाबाई, सातवी शिकलेल्या, बोलायला फटकळ. मागच्या वर्षीच्या वार्षिक सभेत बनाबाई काही विचारायला उभ्या राहिल्या, तर तानाबाई माईकवरून म्हणाल्या, "अंगठेवाल्यांनी खाली बसायचं." सगळा मांडव हसला. बनाबाई खाली बसल्या. त्याच सभेत तानाबाईंनी ठराव करून घेतला की पुढचा चेअरमन किमान साक्षरतेचं प्रमाणपत्र असलेलाच पाहिजे. आपल्या खुर्चीला कुंपण घातलं म्हणा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बनाबाई माझ्या वर्गात येऊन बसल्या. संस्थेची निवडणूक एप्रिलमध्ये होती. रविवारची परीक्षा चुकली तर प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही तर पुढची पाच वर्षं तानाबाईच.

तर मी स्कूटी तशीच बनाबाईंच्या दारात नेली. लांबूनच हलगी ऐकू येत होती. अंगणात गुलालाचा थर होता, आणि बनाबाईंचे मालक, ज्ञानूमामा, पांढऱ्या टोपीपासून चपलेपर्यंत गुलाबी झाले होते.

"बाई आल्या, बाईंस्नी पेढा द्या," म्हणत त्यांनी स्वतःच माझ्या तोंडात पेढा कोंबला. तो मी आधी गिळला.

"मामा, हलगी थांबवा."

"का वं?"

"ही परीक्षा खरी नव्हती. सराव होता. खरी परवा आहे, रविवारी."

हलगीवाल्याचा हात वरच राहिला. कुणाच्या तरी कडेवरचं पोर तेवढं हसत होतं. ज्ञानूमामांनी टोपी काढली, तिच्याकडे बघितलं, परत घातली.

"मंजे," ते म्हणाले, "आमी गुलाल कशाचा उधळला?"

"ते मला विचारताय? मला न विचारता फ्लेक्स कुणी लावला?" माझा आवाज चढला. माझा आवाज चढायला फार काही लागत नाही.

त्यांचा पुतण्या आदर्श मोबाईल घेऊन पुढे आला. "बाई, तुमीच टाकलंय की ग्रुपवर. उत्तीर्ण. हार्दिक अभिनंदन. मग आमी काय वाट बघत बसायचं व्हय? रातोरात छापून आणलाय."

मी त्याच्या मोबाईलकडे बघितलं. मग मी बनाबाईंकडे वळले. त्या चुलीजवळच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. कपाळावर गुलाल, केसात गुलाल.

"तुम्हाला तरी माहीत होतं ना, खरी परीक्षा रविवारी आहे ते?"

"व्हतं की. मी सांगिटलं बी यास्नी. पण हलगी वाजाय लागली, बाई. हलगी वाजाय लागल्यावर कुणाला काय ऐकू येतंय?" त्यांनी कपाळावरचा गुलाल बोटानं पुसला. "आन मला बी जरा वाटलं, झालो की पास."

"बरं, झालं ते झालं. रविवारी दहाला शाळेत या."

"रविवारी मी येत न्हाय."

"येत नाही म्हणजे?"

"पास झाल्यालं माणूस परत परीक्षेला बसतंय व्हय? परत बसतंय ते नापास झाल्यालं. चौकात एवढा मोठा फोटो लागलाय माझा. त्याच्या खालनं मान घालून शाळंत जायचं, आन तानाबाई डेअरीच्या पायरीवर बसून बघणार. ते मला न्हाय जमायचं."

"मग निवडणूक?"

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. ज्ञानूमामांनी हलगीवाल्याला खुणेनं घालवलं.

त्या संध्याकाळी वर्गात एकही बाई आली नाही. परीक्षेच्या आदल्या आदल्या दिवशी अकरा बाकं रिकामी. मी घरोघर फिरले. धोंडुबाई म्हणाल्या, "माझ्या जावयानं जयसिंगपूरला पेढं वाटल्यात, बाई. आता त्याला काय सांगू?" एक जण कोडोलीला माहेरी निघून गेली होती. बाकीच्यांचं एकच पालुपद, बनाबाई येणार असतील तर आम्ही येतो.

मग मी ठरवलं की गावालाच खरं काय ते सांगायचं. शनिवारी सकाळी चौकात, त्या फ्लेक्सखाली उभं राहून मी सगळ्यांना सांगितलं की ती सराव परीक्षा होती, उद्याची खरी आहे, आणि ग्रुपवर लिहिताना माझं चुकलं. वडाखाली बसलेल्या माणसांनी एकमेकांकडे बघून मिशीत हसून घेतलं. तानाबाई तिथूनच चालल्या होत्या. त्या थांबल्या आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "असू द्या, बाई. पोरं नापास झाली की सगळंच मास्तर सराव हुता म्हणत्यात."

मी खरं बोलत होते आणि एकाचाही विश्वास बसत नव्हता. इतकी वर्षं या गावात शिकवून हे मी पहिल्यांदा बघत होते. शाळेत आले तर विजयसिंह सर टेबलाशी बसले होते. "महिनाभर आधी घेतली असती तर..." ते एवढंच म्हणाले. मी त्यांना काय म्हटलं ते जाऊ दे. नंतर त्यांनी मला चहा आणून दिला, त्याचाही मला रागच आला.

संध्याकाळी मी डेअरीवर गेले. दूध घालायच्या वेळेला सगळं गाव तिथे असतं, बनाबाईही असणार होत्या. गरज पडली तर त्यांच्या पाया पडायचं मी ठरवलं होतं. रांग लागली होती. आत वजनकाट्यावर सेक्रेटरी उदयसिंह, माझाच जुना विद्यार्थी. पायरीवर तानाबाई.

बनाबाईंचा नंबर आला तशा तानाबाई म्हणाल्या, "काय भावी चेअरमन? उद्या साळंत जायाचं हाय म्हणं? पास झाल्यावर परत साळा कशापायी?"

बनाबाईंनी किटली काट्यावर ठेवली, पदराला हात पुसले आणि वळल्या.

"पास न्हाय झालो मी," त्या म्हणाल्या. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आन नापास बी न्हाय. बाईंची बेरीज चुकलीय. सगळ्यांच्या मार्कांचा खिचडा झालाय. म्हणून सगळ्यास्नी परत बसाय लावलंय. अकराच्या अकरा."

ही बाई माझ्या वर्गात मान वर करून बोलत नव्हती. आणि आता अख्ख्या गावासमोर, डोळ्याची पापणी न हलवता, धडधडीत खोटं बोलत होती. तेही माझ्या नावावर. तेही बेरजेचं. या गावात मला बेरजेच्या बाई म्हणतात. तिथे उभ्या असलेल्या निम्म्या लोकांना मी हातचा विसरला म्हणून कान धरून उभं केलं होतं. उदयसिंहाला तर आठवडाभर. कुणी माझ्या शिकवण्याला नावं ठेवली असती, माझ्या तोंडाला ठेवली असती, तर मी खपवून घेतलं असतं. माझी बेरीज कधी चुकली नव्हती आणि बनाबाईंच्या मार्कांचीही मी दोनदा तपासली होती.

"व्हय वं, बाई?" तानाबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं. सगळी रांग माझ्याकडे वळली. उदयसिंह काट्यावरचं वजन लिहायचं विसरून बाहेर आला.

बनाबाईही माझ्याकडे बघत होत्या. त्या बघण्यात विनवणी नव्हती, ओशाळेपण नव्हतं. म्हैस पाणी पिऊन होईपर्यंत दावं धरून उभं राहावं तशा त्या नुसत्या उभ्या होत्या.

एक शब्द बोलले असते तर बनाबाई खोट्या पडल्या असत्या आणि विषय तिथेच संपला असता. मी तोंड उघडलं.

"होय," मी म्हटलं. "हातचे धरायचे राहिले माझ्याकडून."

आणि जो हशा उठला तो मी जन्मात विसरणार नाही. उदयसिंह काट्याला धरून हसत होता. कुणीतरी मागून ओरडलं, "बाई, कान धरा." सकाळी माझं खरं ज्यांना पटलं नव्हतं त्यांना संध्याकाळचं खोटं एका दमात पटलं. मी स्वतः कबूल केल्यावर तानाबाईंना बोलायला जागाच उरली नाही. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "आता बाईच अशा म्हटल्यावर बायकांचा काय दोष."

बनाबाईंनी किटली उचलली आणि घरी गेल्या. माझ्याकडे वळूनही बघितलं नाही.

रविवारी दहाच्या आत अकराही जणी शाळेत हजर होत्या. कोडोलीची पहिल्या एस.टी.नं आली. फ्लेक्स रात्रीतच उतरला होता; ज्ञानूमामांनी तो वैरणीवर टाकायला नेला, तेव्हा गोठ्याशेजारी अजून बरेच दिवस फोटोतली मी ओरडत असणार. मला माझ्याच वर्गावर थांबता येत नव्हतं, नियम आहे तसा. मी बाहेर नळाजवळ बसून होते. आतून पानं उलटल्याचा आवाज तेवढा येत होता.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. एस.टी.चा कंडक्टर सुटे देताना म्हणायचा, "मोजून घ्या बरं का, बाई." भाजीवालीनं तर हिशोब माझ्याकडून करून घ्यायचाच बंद केला. चौथीच्या पोरांच्या आया उत्तरपत्रिका घेऊन शाळेत येऊ लागल्या, मार्क पुन्हा मोजायला. विजयसिंह सर काही बोलत नव्हते, ते सगळ्यात वाईट. बनाबाई रस्त्यात भेटायच्या, "बरं हाय का, बाई?" म्हणायच्या आणि पुढे जायच्या. साधं 'चुकलं' म्हणून सांगायला सुद्धा आल्या नाहीत. मी आतल्या आत धुमसत होते.

निकाल लागला. दहा जणी पास. बनाबाई पास, पण पहिल्या नाहीत. सरावात मिळाले त्याहून कमीच मार्क पडले होते. धोंडुबाई गणितात राहिल्या आणि त्यांनी गावभर सांगितलं की याही वेळी बाईंचीच बेरीज चुकली असणार. या वेळी कुणी हलगी वाजवली नाही. गुलालाचं नाव कुणी काढलं नाही.

अर्ज भरायच्या दिवशी मी मुद्दाम डेअरीवर गेले. बनाबाई नवं लुगडं नेसून, प्रमाणपत्राची पिशवी छातीशी धरून ऑफिसच्या दारात उभ्या होत्या. ज्ञानूमामा बाहेर चपला काढून बसले होते. मी बनाबाईंना बाजूला घेतलं. मनात साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"तुम्हाला दुसरं काहीच सुचलं नाही? पेपर फुटला म्हणायचं, पाकीट हरवलं म्हणायचं. माझी बेरीजच सापडली? या गावात माझं नाव होतं, बनाबाई. मातीत घातलंत तुम्ही ते."

मला वाटलं त्या नाही म्हणतील, किंवा रडतील. त्यांनी दोन्ही केलं नाही.

"घातलं की," त्या म्हणाल्या. "तुमी सकाळी खरं सांगून बघिटलं, कुणाला पटलं न्हाय. तवा पटंल असं सांगाय लागलं. पाकीट हरवलं म्हणलो असतो तर त्ये बी आमच्याच अंगाव आलं असतं. बाईंचं चुकलं म्हटल्यावर गावाला लई बरं वाटतंय." मग जरा आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमचं नाव हुतं म्हणून मातीत तरी गेलं, बाई. माझं अजून व्हायचं हाय."

माझं नाव गेलं म्हणून मी महिनाभर जळफळत होते, आणि ते नसणं कसं असतं हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.

आतून उदयसिंहाची हाक आली. "पुढचा उमेदवार. नाव सांगा, मी भरून घेतो."

बनाबाई आत गेल्या. "तू नगं भरूस," त्या म्हणाल्या. "दे हिकडं पेन. माझं मी लिवतो."

दार उघडंच होतं. त्या टेबलावर वाकल्या. 'बनाबाई' झालं, 'ज्ञानू' झालं. चौगलेतला 'चौ' काढताना त्या वर्गातही नेहमी थांबायच्या. मी बाहेर उभी राहून वाट बघत राहिले.